दोन्ही बाजूंचे सर

चष्मा कपाळावर सरकवून सर दोन बोटांनी डोळे चोळायचे आणि म्हणायचे, "कागद काय म्हणतो ते आधी बघू." समोर विद्यार्थी असो, बिल्डर असो, की माझ्यासारखा नगरपालिकेतला कारकून. तुमच्याही ओळखीत असा एखादा माणूस असेल, ज्याला सगळे मान देतात आणि ज्याचं कोणी ऐकत नाही.

सर उल्हासनगरच्या एका लॉ कॉलेजात जमीन आणि नगररचनेचे कायदे शिकवायचे. राहायचे अंबरनाथ पूर्वेला. ऐंशीच्या दशकात बढतीच्या आशेने मी त्यांच्या सकाळच्या वर्गात नाव घातलं. पहिल्याच दिवशी त्यांनी भिंतीवर शहराचा विकास आराखडा टांगला. "पिवळं म्हणजे घरं, जांभळं म्हणजे कारखाने, हिरवं म्हणजे मोकळं." मग छडी एका चौकोनावर टेकवली. "आणि हे आपलं कॉलेज. नकाशाप्रमाणे आपण आत्ता भाजी मंडईत बसलो आहोत."

वर्ग हसला. सर हसले नाहीत. "हसा, पण लिहून घ्या."

कुठलाही आराखडा जाहीर झाला की सर पार बदलापूरपर्यंत जाऊन तो बघायचे, हरकती लिहायचे, सुनावणीला हजर राहायचे. तिथे त्यांना खुर्ची लगेच मिळायची, चहाही मिळायचा. हरकत तेवढी फेटाळली जायची.

आमच्या वर्गात एका शेतकऱ्याची मुलगी होती. एकदा तास संपल्यावर ती भीतभीत म्हणाली, "सर, आमच्या जमिनीवर मैदान आहे. कागदावर. बाबांना ना विकता येत, ना बांधता येत. मी बालवाडीत होते तेव्हापासून."

सरांनी डोळे चोळले. "दहा वर्षं उलटली?"

"कधीच."

"मग वडिलांना सांग, पालिकेला नोटीस द्या. सहा महिन्यांत पालिकेने जमीन घ्यायला हालचाल केली नाही, तर आरक्षण संपलं."

नोटिशीचा मसुदा त्यांनी स्वतः तपासून दिला.

ती नोटीस नेमकी माझ्या टेबलावर आली. कुठल्या पालिकेत, ते विचारू नका. पाठोपाठ दुसऱ्या दिवशी सर हजर. थेट साहेबांपुढे उभे राहिले. "आता ही जमीन घ्या. तिच्या बापाला मोबदला मिळू दे, पोरांना मैदान मिळू दे."

"अहो सर, पण नोटीस तुम्हीच लिहून दिलीत ना?"

"हो. म्हणूनच आलो."

प्रस्ताव मी तयार केला. तो साहेबांच्या टेबलावर गेला आणि तिथेच राहिला. सर दर महिन्याला खेप घालत होते. मी साहेबांना दोनदा आठवण करून दिली. तिसऱ्यांदा विचारायचा मला कंटाळा आला. हे सांगताना बरं वाटत नाही, पण झालं ते असं.

मुदत संपली त्या दुपारी मी सरांना जाऊन सांगितलं. त्यांनी डोळे चोळले. मग उठले. "चला, पेढे तरी देऊन येऊ."

मुलीच्या वडिलांनी ओटीवरच सरांचे पाय धरले. "सर, तुमच्यामुलं माजी जमीन मोकली झाली!"

"हो," सर म्हणाले. "मोकळी झाली." मुलीच्या पाठीवर त्यांनी हात ठेवला. "वकील झालीस की असंच नीट काम कर." त्यात टोमणा नव्हता. मी त्यांच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं होतं.

परतताना रस्ता सोडून ते त्याच जमिनीतून चालू लागले. गुडघाभर वाळलेलं गवत. मध्येच थांबून त्यांनी चारी बाजूंना पाहिलं.

"साहेबांना आठवण करून दिली होतीत?"

"दोनदा, सर."

"दहादा करून दिली असतीत तरी हेच झालं असतं." माझ्यावरचा भार त्यांनी एका वाक्यात उतरवला. मला तो उतरलेला नको होता.

त्यानंतर सर सुनावण्यांना दिसेनासे झाले. वर्ग आणि घर, एवढंच. नव्वदीच्या मध्यावर ते गेले. तोवर त्या जमिनीवर दोन इमारती उभ्या राहून त्यांच्या गॅलऱ्यांत कपडे वाळू लागले होते.

मला ते दिसतात त्या संध्याकाळचे. स्टेशनच्या बाकावर वाकून पँटला चिकटलेली कुसळं ते एकेक करून उपटत होते. गाडी आली. मी उठलो.

"तुम्ही व्हा पुढे," मान वर न करता ते म्हणाले. "अजून बरीच आहेत."