नळीवरचा लाल ठिपका

गुरुवारी दत्ताच्या देवळात हात जोडायचो तेव्हा माझा एक डोळा बाहेर काढलेल्या चपलांवर असायचा, हे आधीच कबूल करतो. नोकरी वजनमापे निरीक्षकाची. तराजूच्या पारड्याखाली चिकटवलेली चुंबकं शोधण्यात तीस वर्षं गेली, आणि आता निवृत्त झालो तरी भाजीवाल्याचं पारडं दिसलं की माझी मान आपोआप वाकते. माझी भक्ती खरी आहे, पण तीही जरा तपासून घेतलेली. या स्वभावाला मागच्या वर्षी जे दाखवलं गेलं, ते आज लिहून ठेवतो. त्याला काय म्हणायचं ते ज्याचं त्याने ठरवावं.

माझ्या बायकोला, सुमनला, कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं आणि मग पाच आठवडे, शनिवार-रविवार सोडून रोज, रेडिएशन ठरलं. मध्ये खंड पडू देऊ नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. रिक्षाचे धक्के तिला सोसत नव्हते. टॅक्सीत बसवलं तर आतल्या सुगंधी डबीच्या वासाने तिला पहिल्याच दिवशी उलटी झाली. उरली आमची बावीस वर्षांची जुनी गाडी. मागच्या सीटवर उशी टाकून सुमन आडवी व्हायची आणि आम्ही कोथरूडहून निघायचो. त्या दिवसांत मला दोनच गोष्टींची भीती वाटायची, तिच्या रिपोर्टची आणि गाडीच्या इंजिनाची.

उपचार सुरू होण्याआधी गाडी रमेशकडे सर्व्हिसिंगला दिली होती. चौदा वर्षं आमचा हाच मेकॅनिक. पण गॅरेजवाले चांगले भाग काढून जुने बसवतात, असं सोसायटीत कोणीतरी म्हणालं आणि माझ्या डोक्यात किडा शिरला. गाडी द्यायच्या सकाळी मी सुमनची लाल नेलपॉलिशची बाटली खिशात घालून पार्किंगमध्ये गेलो, बॉनेट उघडलं आणि हात पोहोचेल त्या भागावर ठिपका देत सुटलो. रमेशला कळू नये म्हणून सगळे ठिपके खालच्या बाजूला दिले. रबरी नळ्या तर चांगल्या पिरगाळून, त्यांच्या पोटावर खूण केली. गाडी परत आल्यावर खाली आरसा धरून पाहिलं. ठिपके सगळे जागच्या जागी होते. तरीही मन म्हणालं, हा तुझ्यापेक्षा हुशार निघाला.

आठवड्याभरात गाडी बिघडली. पळताना काही नाही, पण सिग्नलला उभी राहिली की इंजिन थरथरायचं, आचके द्यायचं आणि मध्येच बंद पडायचं. मागे सुमन डोळे मिटून सीटची कड धरून पडून राहायची. मी रमेशला फोन केला आणि तोंडाला येईल ते बोललो. तो एवढंच म्हणाला, "काका, गाडी घेऊन या, बघतो." पण चोराच्या हाती पुन्हा गाडी कशी देणार? दुसऱ्या गॅरेजवाल्याने इंजिन उतरवावं लागेल, चार दिवस गाडी ठेवा, असं सांगितलं. त्याचाही मला संशय आला. त्या गुरुवारी सकाळी दत्तापुढे उभं राहून मी मागितलं ते सुमनचं आयुष्य नव्हे, याची आज लाज वाटते. मी म्हणालो, "महाराज, मला कोण फसवतंय तेवढं दाखवा."

त्याच दिवशी दुपारी कर्वे रस्त्याच्या सिग्नलला गाडी तीनदा बंद पडली. मागे हॉर्नचा गदारोळ उसळला. कशीबशी कडेला घेतली आणि पुन्हा चालू केली. रेडिएशनच्या वेळेला वीस मिनिटं होती. एवढ्यात काचेवर टकटक झाली. साठीपुढचा माणूस, पांढरा शर्ट, हातात भाजीची पिशवी. "अहो, बंद करू नका, आवाज येतोय," तो म्हणाला. एक जण इंजिनाकडे बोट दाखवतो आणि दुसरा मागची पर्स पळवतो, हा प्रकार मला माहीत होता. मी सगळी दारं लॉक केली. पण मागची काच सुमनने केव्हाच खाली केली होती. "दादा, बघा ना जरा," ती म्हणाली. तिचा आवाज इतका थकलेला होता की मी मुकाट्याने बॉनेटची कळ ओढली आणि खाली उतरलो.

तो बस डेपोच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेला होता. त्याने हत्यार मागितलं नाही. कान तिरका करून ऐकलं, मग एकेक नळी चाचपत गेला. "इंजिन कुठून तरी फुकटची हवा ओढतंय. पळताना कळत नाही, उभं राहिलं की कळतं." एका नळीच्या खाली त्याने बोट दाबलं आणि थरथर थांबली. बोट काढलं, पुन्हा सुरू. त्याने नळी थोडी उचलून मला दाखवली. वाकणापाशी चीर होती, आणि चिरेला लागूनच लाल ठिपका.

"पिरगाळलीय कोणीतरी. जुनं रबर, फाटणारच. आणि हे लाल काय?"

सुमन खिडकीतून डोकं काढून पाहत होती. "माझी नेलपॉलिश आहे ती," ती हळूच म्हणाली, आणि तिने माझ्याकडे बघितलं. तिने काही विचारलं नाही, तेच जास्त लागलं. तिच्या पिशवीत ड्रेसिंगची चिकटपट्टी होती. त्या माणसाने तिचे चार वेढे नळीला घट्ट मारले. "आजचं काम भागेल. उद्या नळी बदला." मी हात जोडून म्हणालो, "तुम्हाला दत्तानेच धाडलं हो." तो म्हणाला, "मला बायकोने कोथिंबिरीला धाडलंय." आणि पिशवी उचलून चालू लागला. त्याचं नाव विचारायचंही राहिलं. गाडी प्रत्येक सिग्नलला शांत उभी राहिली आणि आम्ही वेळेत पोहोचलो.

सुमन आत गेल्यावर बाहेरच्या बाकावर मला रडू आलं. सकाळी मी फसवणाऱ्याचा पत्ता मागितला होता, दुपारी तो बिनचूक दाखवला गेला. ज्याचा संशय घ्यायचा राहिला होता, असा मी एकटाच उरलो होतो.

दुसऱ्या दिवशी रमेशकडे गेलो. त्याने नळी बदलली. मी माफी मागितली, ठिपक्यांचं सगळं सांगितलं. तो हात पुसत म्हणाला, "काका, ते मला सर्व्हिसिंगच्या वेळीच दिसले होते. पुसले नाहीत, म्हटलं तुम्हाला झोप लागेल."

सुमनचे उपचार खंड न पडता पूर्ण झाले. आता ती गुरुवारी माझ्याबरोबर देवळात येते. मी अजून तोच माणूस आहे. पायरीवर चपला काढताना मान वळायला बघते. तेव्हा ती माझा हात धरते. चपलांची काळजी महाराजांवर सोडून मी आत जातो आणि हल्ली दोन्ही डोळे मिटतो.