बांधापलीकडून आलेली माझीच हाक

आधीच कबूल करते, असले अनुभव चहाबरोबर वाचून हसणाऱ्यांपैकी मी आहे. कुणाला पैंजण ऐकू येतात, कुणाच्या गाडीत मागच्या सीटवर बाई बसलेली असते... मी नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवायचे आणि आम्ही दोघं खिदळायचो. आता मीच लिहायला बसलेय, तर तुम्हीही हसा खुशाल.

आम्ही जर्मनीच्या अगदी वरच्या टोकाला, समुद्राकाठच्या एका गावात राहतो. हॅम्बर्गहून ट्रेन, मग बस, आणि बस चुकली की निखिलला फोन. निखिल म्हणजे माझा नवरा, पवनचक्क्यांच्या मेंटेनन्समध्ये आहे. मी घरूनच हॅम्बर्गच्या एका कंपनीसाठी टेस्टिंग करते. गावात एक बेकरी, एक चर्च आणि माणसांपेक्षा जास्त मेंढ्या. बातम्या म्हणाल तर गावाचा व्हॉट्सॲप ग्रुप – कुणाच्या कुत्र्याने कुठे घाण केली, कुणाची मेंढी रस्त्यावर आली, आणि बांधावरचं फाटक कोणी उघडं टाकलं. या शेवटच्या गुन्ह्याला इथे माफी नाही.

बांध म्हणजे समुद्र अडवायला घातलेला, गवत वाढलेला मातीचा उंच बांध. अलीकडे गाव. पलीकडे थोडं गवत आणि मग नुसता चिखल, नजर पोचेल तिथपर्यंत. ओहोटीला चिखल, भरतीला त्याच जागी पाणी. भरतीच्या वेळा इथल्या पेपरात रोज छापून येतात.

आमची रेवा सहा वर्षांची आहे. घरात माझा एकच कडक नियम होता – आईशी फक्त मराठी. किंडरगार्टनमधून आली की तिची जर्मन बडबड सुरू व्हायची, आणि मी ऐकूच आलं नाही असं करायचे. एकदा इथल्या मुलांसारखं आईला म्हणतात तसं मला "मामा" म्हणाली, तर म्हटलं, "मामा पुण्यात असतो. मी आई." माझं जर्मन तर असं, की बेकरीत मी पाव मागितला तरी रेवा कपाळावर हात मारते. त्यामुळे तिच्याशी मी कधी एक वाक्यही जर्मन बोलले नव्हते. हे लक्षात ठेवा.

शेजारच्या फ्राऊ पेटरसन आजींचं खुब्याचं ऑपरेशन झालं, म्हणून त्यांच्या ब्रुनोला फिरवायचं काम मी घेतलं. ब्रुनो म्हातारा लॅब्राडॉर, पण ओढायला लागला की माझा खांदा निखळतो. दुपारी काम संपलं की मी, रेवा आणि ब्रुनो बांधावरून चक्कर मारून यायचो. वाटेत मी सारखी ओरडत असायचे – "रेवू, लांब जाऊ नकोस... रेवू, इकडे ये... चल गं, घरी चल." रोज तेच.

नोव्हेंबरातली दुपार होती ती. निघालो तेव्हा चक्क ऊन होतं. बांधावर चढलो आणि समुद्राकडून धुकं आलं, इतकं की ब्रुनोचा पट्टा माझ्या हातात आणि ब्रुनो दिसेना. म्हटलं, धुकं विरेपर्यंत थांबू. फाटकातून आलो होतो, ते लावायचं राहिलं होतं. मी कडी अडकवायला वाकले. रेवा माझ्या मागेच उभी होती.

आणि मला माझा आवाज ऐकू आला.

बांधाच्या पलीकडून, खालून, चिखलाच्या बाजूने. "रेवू... इकडे ये..." शेवटी थोडा लांबवलेला, अगदी मी लांबवते तसा. माझं तोंड मिटलेलं होतं. मी अजून वाकलेलीच होते. तेवढ्यात रेवा "ओ, आई" म्हणत उताराकडे पळाली.

मी ओरडले, "रेवा, थांब, मी इथे आहे." खालून लगेच आलं – "चल गं, घरी चल." माझ्याच आवाजात, माझ्याच रोजच्या सुरात. मी धावले. ब्रुनो जागचा हलेना, पोट जमिनीला टेकून बसला होता. पट्टा सोडला आणि तशीच उतरले. गवत संपलं, पाय चिखलात रुतला. पुढे पांढऱ्याशिवाय काही नाही. पाणी यायची वेळ झाली होती, सकाळीच पेपरात पाहिली होती मी. कुठूनतरी रेवा रडत होती, "आई, वो बिस्ट डू?" कुठे आहेस विचारत होती पोरगी, आणि तिला दोन आया उत्तर देत होत्या.

मी हाक मारली की ती दुसरीही मारायची. मी गप्प झाले तर ती गप्प बसेना. "रेवू, इकडे ये... चल गं, घरी चल." माझी रोजची वाक्यं, एकही नवीन नाही. इतके दिवस मी बांधावर उभी राहून जे जे बोलले होते, ते सगळं तिच्याकडे होतं. जे बोलले नव्हते, ते नसेल... हा विचार मी केला असं म्हणणार नाही. विचार करायच्या अवस्थेत मी नव्हतेच. तोंडातून एकदम जर्मन निघालं.

"कोम हिअर! इश बिन हिअर!" ये इकडे, मी इथे आहे, एवढ्यात माझं जर्मन संपलं. मग तोंडाला येईल ते. टेर्मिन. आनमेल्डुंग. क्रांकेनकासे. बिटे, बिटे. अपॉइंटमेंट, नोंदणी, आरोग्यविमा, प्लीज – सरकारी ऑफिसात शिकलेले सगळे शब्द मी धुक्यात किंचाळत होते.

खालचा आवाज मराठीतच चालू राहिला. पण माझं जर्मन त्याने एकदाही परत म्हटलं नाही.

रेवा माझ्या पोटावर येऊन आदळली. बूट पाण्याने भरलेले, पँट गुडघ्यापर्यंत ओली. तिला उचलून मी वर कशी चढले ते आठवत नाही. ब्रुनो फाटकाशी तसाच होता. घर येईपर्यंत मी तिला खाली ठेवलं नाही.

निखिल इंजिनियर. त्याने कपडे बदलायच्या आधीच लेक्चर दिलं, धुक्यात आवाज कुठूनही आल्यासारखा वाटतो, बांधावर आपटून परत येतो. मी विचारलं, "मी बोलायच्या आधी?" तर म्हणाला, "आल्झो... म्हणजे, तू घाबरली होतीस." रेवाने मात्र त्याला सांगितलं, "दोन आई होत्या. एकीला जर्मन येत नव्हतं."

संध्याकाळी ग्रुपवर बोंबाबोंब. फाटक उघडं, मेंढ्या रस्त्यावर. मी ट्रान्सलेटरवर टाकून माफी मागितली – मुलगी धुक्यात हरवली होती, सापडली, चार वाजता आम्ही घरी आलो. त्यावर बांधाजवळच्या शेवटच्या घरात राहणाऱ्या बाईंचा मेसेज आला. मुलगी सापडली हे वाचून बरं वाटलं, असं त्यांनी लिहिलं होतं. पुढे होतं, "पण मग अंधार पडल्यावर तुमच्या भाषेत हाका कोण मारत होतं? मी टॉर्च घेऊन निघालेही होते. आवाज पाण्यावरून यायला लागला, म्हणून परत फिरले."

मी निखिलकडे फोन दिला. त्याने दोनदा वाचलं आणि उठून खिडक्या लावल्या. त्यानंतर त्याने लेक्चर दिलेलं नाही.

याला स्पष्टीकरण मला आजही मिळालेलं नाही. ब्रुनोला आता आम्ही गावातल्या रस्त्यानेच फिरवतो. घराबाहेर मी रेवाशी मोडकंतोडकं जर्मन बोलते, आणि हळूहळू घरातही तेच व्हायला लागलंय. परवा व्हिडिओ कॉलवर सासूबाई म्हणाल्या, "अगं, पोरगी मराठी विसरायला लागली की." मी म्हटलं, "अहो आई, शाळेचा अभ्यास वाढलाय." दुसरं काय सांगणार?

काल झोपताना रेवाने विचारलं, जर्मनमध्येच, की तू मला रेवू का म्हणत नाहीस आता. मला रडू यायला लागलं. उठले, खिडकी नीट बंद आहे ना ते पाहिलं, पडदा ओढला. मग तिच्या कानाला तोंड लावलं आणि तिला तसं म्हटलं, अगदी हळू, बाहेर जाणार नाही एवढ्या आवाजात.