वाघाच्या जाळलेल्या मिशा

ती घटना अजून मनातून गेलेली नाही. साठच्या दशकात मी नवापूर तालुक्यात फौजदार होतो.

विसरवाडीच्या नाक्यावर चहाचे दुकान चालवणाऱ्या बाई आमच्या हवालदाराला भाऊ मानत. खबर त्यांनीच दिली. "भाऊ, तो कातडावाला शेठ डोंगरना एक बाबाले शिव्या दी ऱ्हायना व्हता. म्हने, वाघन्या मिशा कसाले जाळ्यात? आते भाव कोन दी?"

शेठचा ट्रक अडवला. मोहाच्या पोत्यांखाली मीठ लावलेले पट्टेरी वाघाचे कातडे निघाले. नखे शाबूत होती, मिशा मात्र मुळापासून जाळलेल्या. परवाना नव्हता. पंचनामा करताना कातड्यावर गोळीचे भोक सापडले नाही. म्हणजे वाघ विषाने मेला होता आणि ज्या मेलेल्या जनावराच्या मांसात ते विष घातले, ते अजून जंगलात पडून असणार. तिथल्या ओढ्यांवर पाड्यांतली गुरेच नव्हे, माणसेही पाणी पीत.

शेठने कानावर हात ठेवले. बाईंनी सांगितलेला बाबा म्हणजे डोंगरातला एक म्हातारा गुराखी; त्याला ठाण्यात आणले. हवालदाराने त्याच्यापुढे तंबाखू धरली.

"बाबा, वाघनी मिशी उडाई! न्हावीनं दुकान टाकं का?"

म्हाताऱ्याला हसू आवरले नाही. म्हणाला, "वाघाची मिशी जेवणात घातली तर माणूस मरतो. वाईट माणसाच्या हाती नको लागायला."

मी विचारले, "माणूस मरू नये म्हणून मिशा जाळल्यास ना, बाबा? मग विष घातलेले जनावर कुठे आहे?"

त्याचा चेहरा उतरला. गाय त्याचीच होती, वाघाने मारलेली. कापसावर फवारायचे औषध शेठने आणून दिले होते आणि बदल्यात कातडे मागितले होते. गाय ओढ्याच्या काठी पडली होती. "चला," म्हणत म्हातारा आमच्याआधी उठला.

तिथे काही गिधाडे मरून पडली होती. नमुना घेऊन गाय जाळली, पाड्यांत दवंडी दिली. पाड्यांतले कोणी दगावले नाही.

माणूस कशाला भितो हे चौकशीत लवकर कळते. तो कोणाला जपतो, हेही विचारावे, हे मला या प्रकरणाने शिकवले.

राख निवेपर्यंत म्हातारा पाण्याशी उभा राहून येणारी गुरे हाकलत होता. हवालदार बेडी घेऊन पुढे झाला, तसा तो म्हणाला, "मला नेलं तर इथं कोण बसेल?"

हवालदाराने बेडी शिपायाकडे दिली, म्हाताऱ्याच्या हातातली काठी घेतली आणि गुरे अडवायला त्याच्या जागी दगडावर बसला. "जाय, बाबा. मी शे आठे."