चुन्याचा ठिपका

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. तो ठिपका मी हलवला होता.

कोणता ठिपका, हे कळायला आधी अण्णा कळले पाहिजेत.

काच उचलायच्या आधी अण्णा उजवा अंगठा धोतराला पुसत. एकदा पुसून समाधान होत नसे, दुसऱ्यांदा पुसत. मग वर्गाला सांगत, "अंगठा ठिपक्यावर ठेवायचा. बाकी मग अंधारच हाय." पोरांना हे पाठ झालं होतं. विहिरीवर पोहरा सोडतानाही ती हेच म्हणत.

निलंगा तालुक्यातल्या एका बाजारगावात आम्ही दोघं मुदर्रिस होतो, म्हणजे मास्तर. हुजुरांच्या, म्हणजे निजामाच्या, राज्याची ती शेवटची वर्षं. वरच्या वर्गांत सगळं शिकवणं उर्दूतून. पोरं कुणब्या-तेल्यांची; घरात मराठी, फार तर आजोळचं कानडी. भूगोलाचं पान ती न अडखळता म्हणत, आणि यात नदी कुठं आली असं विचारलं की तोंडाकडे बघत राहत. त्यावर माझ्याकडे छडी होती. अण्णांनी कंदील केला.

घासलेटच्या डब्याला भोक पाडून त्यांनी भिंग बसवलं होतं, आत बत्ती. काचा लातूरच्या एका फोटोवाल्याच्या, त्याच्या कामातून गेलेल्या. गरम पाण्यात सोडा टाकून अण्णा त्या घासत बसत. एकदा मी गेलो तेव्हा परातीत एका नवरानवरीचे चेहरे सुटत होते.

"कुणाचं तरी लगीन धुवायलोय," अण्णा म्हणाले. "आता ह्याच्यावर मांजरा नदी काढतो."

खिडक्यांना घोंगड्या लावल्या की वर्गात काळोख होई आणि चुन्याच्या भिंतीवर नदी उमटे. मग अण्णा मराठीत बोलत. व्हरांड्यात बूट वाजले की वाक्याच्या मधूनच उर्दूत शिरत. पोरं तोंड दाबून हसत. ग्रहणाची काच तर त्यांनी दुहेरी केली होती. दोन काचांच्या मध्ये काजळी धरलेली चकती आणि तिला दोरा. दोरा ओढला की पृथ्वीची सावली चंद्रावर सरके. त्या वेळी पोरांच्या तोंडून जो 'आं' निघे, तो भिंतीपलीकडे माझ्या वर्गात ऐकू येई. माझी पोरं मान वळवत. मी त्यांना मारी.

आता ठिपका. या कंदिलात काच उलटी घालावी लागते, तेव्हा भिंतीवर चित्र सुलटं पडतं. अंधारात वर-खाली कळत नाही, म्हणून अण्णा प्रत्येक काचेच्या एका कोपऱ्यावर चुन्याचा ठिपका देत. बोटाला खरखर लागे. त्यावर अंगठा ठेवून काच आत सरकवली की ती बरोबरच बसणार. त्या ठिपक्यावर त्यांचा देवापेक्षा जास्त भरवसा होता. ते लिंगायत, गळ्यात लिंग होतं, तरी मी हे लिहितो आहे.

आमचे सदर मुदर्रिस, म्हणजे हेडमास्तर, पेन्शनीत निघणार होते. त्यांच्या जागी आम्हा दोघांतला एक जाणार, आणि कोण ते तपासणीला येणारे नाझिर साहेब ठरवणार. तपासणीच्या दिवशी हुजुरांच्या तसबिरीपुढे सगळ्यांनी उभं राहायचा रिवाज होता. मीच अण्णांना म्हणालो, यंदा हुजुरांची काच करा, पहिली तीच लावा, साहेब खूश होतील. हे सांगताना मनात पाप नव्हतं, असं मी फार वर्षं स्वतःला बजावलं. होतं.

अण्णांनी आठ दिवस खपून ती काच केली. शेरवानीची बटणं एका केसाच्या कुंचल्यानं काढली. तपासणीच्या सकाळी ते साहेबांना आणायला वेशीपर्यंत गेले. वर्गात मी एकटा होतो. पेटीतली पहिली काच काढली, नखानं ठिपका खरवडला आणि पानाच्या डबीतला चुना तिरप्या समोरच्या कोपऱ्यावर लावला. फुंकर घालून वाळवला. पान लावायला लागतो त्याहून कमी वेळ लागला.

घोंगड्या पडल्या. अण्णांनी अंगठा दोनदा धोतराला पुसला. साहेब खुर्चीवरून उठले, आम्ही सगळे उठलो. आणि भिंतीवर हुजूर आले ते डोकं खाली, पाय वर.

मग मागच्या पट्टीवरून एक पोरगं फिस्सकन हसलं, आणि मग सगळा वर्ग.

साहेबांनी घोंगडी ओढून पाडली. उजेडात अण्णा काचेकडे, आपल्या अंगठ्याकडे, परत काचेकडे बघत होते.

"ये किसका काम है?"

"मेरे हाथ का, साहेब," अण्णा म्हणाले.

साहेब माझ्याकडे वळले. हा तुझा दोस्त का, असं विचारलं. मी म्हणालो, नाही साहेब, नुसतं बरोबर काम करतो.

हसलेल्या पोरांना छड्या मारायचा हुकूम झाला. त्या मी मारल्या, अण्णांच्या देखत. एक पोरगं मार खाताना त्यांच्याकडे बघत होतं. त्याला दोन जास्त बसल्या.

महिन्याच्या आत अण्णा बडतर्फ झाले आणि मी सदर मुदर्रिस. काचा फोडून टाका असा कागद आला. पटांगणात दगडावर मी त्या फोडून घेतल्या. मांजरा नदीचे निळे तुकडे पुढं कितीतरी दिवस पोरींच्या सागरगोट्यांत दिसत होते.

अण्णा देवणीला भावाच्या दुकानात बसू लागले. बैलबाजाराच्या निमित्तानं मी एकदा तिकडे गेलो होतो. गूळ तोलत होते. तोललेलं पुन्हा तोलत, मग तिसऱ्यांदा. गिऱ्हाईक वैतागून म्हणालं, "अण्णा, आज तरी काटा सुलटा धरलाव का?" दुकान हसलं. भाऊही हसला. अण्णा चौथ्यांदा तोलायला लागले.

गिऱ्हाईक गेल्यावर त्यांनी मला आत नेलं, पाणी दिलं. म्हणाले, "ठिपका मीच चुकवला असंन. लई घाई केली. तुम्ही चांगल्या मनानं सांगितलं, आन माझ्या हातानं तुम्हाला खाली बघायला लावलं. माफ करा, मास्तर."

तेव्हा बोलायचं होतं. मी म्हणालो, "जाऊ द्या, अण्णा."

तुम्ही विचाराल, भीती कशाची होती? हुजुरांचं राज्य गेलं, उर्दू गेली, नाझिर साहेब गेले. मला हेडमास्तरकीवरून काढायला कोणी येणार नव्हतं. तरी पुढं दोनदा देवणीला जाऊन मी गूळ घेऊन परत आलो.

अण्णा गेल्याचं कळलं तेव्हा भेटायला गेलो. त्यांच्या बायकोला आम्ही अक्का म्हणतो. त्या म्हणाल्या, "शेवटाला नुसता अंगठा पुसत हुते, पांघरुणाला. हात चुकला म्हणायचे. मी म्हणलं, चुकतो माणसाचा हात. तर न्हाई म्हणले, माझा न्हाई चुकत." मग उठून फडताळातून त्यांनी जुन्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळलेली एक काच आणली. ग्रहणाची. घरी दोरा बदलायला आणली होती म्हणून वाचलेली. "तुमच्यापशी साळा हाय. पोरास्नी दाखवा."

ती माझ्या टेबलाच्या खणात आहे. कंदील नाही. कधी उजेडाकडे धरून दोरा ओढतो. चकती अजून सरकते. कोपऱ्यावर चुना खरखरीत लागतो, आणि तो बरोबर जागी आहे.

हे लिहून झालं, पण अक्कांना वाचता येत नाही. देवणीला जाऊन त्यांच्यासमोर तोंडानं सांगायचं आहे, की अण्णांचा हात चुकला नव्हता, ठिपका मी हलवला. एवढं माझं त्यांना देणं आहे. ते अजून दिलेलं नाही.