यादीतलं नाव खोडण्याआधी

आमच्या घरात पदवीधर मी पहिला. बी.एस्सी. झाल्यावर जळगावात कॉम्प्युटरचा क्लास केला आणि पहिला प्रोग्राम लिहिला तो धुळ्याला, आमच्या समाजाच्या वधू-वर यादीचा. यादी सांभाळायचे एक नाना, निवृत्त शिक्षक. वही सोडून ते माझ्या प्रोग्रामपाशी बसले, याचा मला भारी अभिमान.

क्लासच्या सरांनी बजावलं होतं, काही खोडण्याआधी माणसाला विचारायचं. मी विचारणाऱ्या चौकटी सगळीकडेच घातल्या. साठवताना 'आर यू शुअर?', छापताना तेच, बंद करतानाही तेच. नाना नुसतं एंटर दाबत सुटायचे.

वधू-वर मेळावा चार दिवसांवर आला असताना साक्रीकडचे एक शेतकरी छापील यादी घेऊन आले.

"नाना, मनी पोरनं नाव कोठे शे? लोके ईचारतस, लगन जमी गयं का?"

नाव खरंच नव्हतं. सोनगीरच्या एका मुलीचं लग्न ठरलं म्हणून नाना तिचं नाव खोडायला गेले, बोट एक ओळ खाली सरकलं आणि ही पोर गेली.

मी म्हणालो, "नाना, मशीननं विचारलं होतं की तुम्हाला!"

"अरे, ते उठताबसता विचारतं! दर घासाला कुणी 'वाढू का' म्हणायला लागलं, तर माणूस नुसती मान हलवतो. आणि कुणाचं नाव खोडतोय, हे कुठं सांगितलं त्यानं?"

त्या दुपारी मुलीचे वडील सांगत गेले, शिक्षण, उंची, मामाचं गाव, आणि नानांनी आणि मी छापील यादीच्या एकेका प्रतीत हातानं लिहिलं.

मग मी सगळ्या चौकटी काढल्या, एकच ठेवली. इंग्रजी अक्षरांत, पण मराठीत: मुलीचं नाव, वडिलांचं नाव, गाव, आणि खाली 'घरच्यांना विचारलं का? खोडायचं?' नुसतं एंटर दाबलं तर 'नाही' धरलं जाईल, अशी सोय केली.

मेळाव्यात त्या मुलीला पाचोऱ्याचं स्थळ आलं. जमलं. वडील पेढे घेऊन आले, तेव्हा नानांनी त्यांना आपल्या खुर्चीत बसवलं आणि चौकट मोठ्यानं वाचून दाखवली.

"दाबू का आते, नाना?"

"दाबा भाऊ. पोर तुमची."

त्यांनी नाव पुन्हा एकदा वाचायला लावलं. मग दाखवलेलं बटण दाबलं. ओळ गेली, तरी ते बराच वेळ पडद्याकडेच बघत राहिले.