तिसऱ्या घासापर्यंत

सत्तरच्या सुमारास आमच्या नागपूरच्या बुधवार बाजारात एक म्हातारा कोरियाकडची धिरडी विकायचा. आपल्या फौजेत आचारी होता, कोरियाच्या लढाईत जखमींच्या दवाखान्याबरोबर जाऊन आलेला. धिरडं मुगाचंच, आपल्या घरी होतं तसं. पण त्यात तिखट-लसूण लावून आंबवलेली पत्ताकोबी असायची. तिच्या बरणीचं झाकण उघडलं की शेजारचा अत्तरवाला शिव्या घालायचा.

वासानं गिऱ्हाईक पळायचं, म्हणून म्हाताऱ्यानं एक रीत ठेवली होती. धिरड्याचं पान गिऱ्हाइकाच्या डाव्या हातावर ठेवलं की त्याच हाताचं मनगट तो घट्ट धरायचा. मलाही धरलं.

"काका, कोबी नासली आहे," पहिल्याच घासाला मी म्हणालो.

"नासली नाही गा, मुरली हाये. तिसऱ्या घासापर्यंत पळाचं नाही."

दुसऱ्या घासाला नाकातून पाणी आलं. तिसरा चावून चावून खाल्ला. चौथा मी त्यानं न सांगताच घेतला.

"हे कोणी शिकवलं तुम्हाला?"

"तिथं बाजारात एक म्हातारी हेच विके. मीबी असाच पळून राहिलो होतो, तं तिनं मनगट धरलं."

"नाव काय तिचं?"

"कसं इचारू? तिले माही बोली येत नव्हती, मले तिची. तिसऱ्या घासाले मायच्या हातचं धिरडं आठवलं अन् मले रडू आलं. तिले वाटलं, तिखट लागलं. पाणी देलं बिचारीनं."

माझं धिरडं केव्हाच संपलं होतं. मनगट मात्र त्यानं सोडलं नव्हतं.