दोन ठिपक्यांचा गिअरबॉक्स

डॉज आणि फार्गो म्हणजे एकाच कारखान्यातल्या दोन बहिणी. अंगकाठी एक, इंजिन एक, फक्त नाकावरचं नाव वेगळं. या जुन्या पिकअप गाड्यांचा कुठला तुकडा कुठल्या गाडीत गेला, हे पांढरकवड्याच्या धावजी मिस्त्रीइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. लोक कौतुकानं तसं म्हणत, तेव्हा धावजी खाली मान घालून हात पुसत बसायचा.

मुकुटबनच्या किसनरावांचा नातू अंकुर आजोबांची डॉज पुन्हा अस्सल करायला निघाला होता. जवळच्या बंजारा तांड्यावर जमनाबाईंच्या घरी तशीच फार्गो उभी आहे, हे त्याला कळलं. "काका, दोघी बाजूबाजूनं पाहू ना!" धावजीनं एकदा ताप सांगितला, एकदा गुडघा. तिसऱ्या खेपेला, पोळ्याच्या आदल्या दिवशी, पोरगं डॉज घेऊन थेट दुकानासमोर आलं आणि हॉर्न वाजवत बसलं. अख्खा बाजार पाहून राह्यलेला. धावजी मुकाट चढला. वाटभर अंकुर डॉज किती सुरळीत चालते याचीच बढाई मारत होता.

तांड्यावर पोचले तेव्हा दुपार कलली होती. टिनाच्या शेडखाली फार्गो विटांवर उभी होती, बारा वर्षांपासून. जमनाबाई ओट्यावर लोणी फेटत बसलेल्या.

"धावजीभिया! रस्ता चुकला का गा आज? नेमसिंग गेला तवापासून तुह्ये पाय या आंगणाले लागले नाई."

"कामं, भोजाई."

"हो बाप्पा. कलेक्टरले बी येवढी कामं नसतीन."

अंकुरला दम कुठला! तो या गाडीखालून त्या गाडीखाली सरपटायला लागला. "मिटर गोल. इकडं बी गोल. दाराच्या कड्या सारख्या. काका, मंग फरक काय?"

"नाकावर पाह्य ना. फार्गोले पृथ्वीचा गोळा हाये, तुह्या डॉजले नाई."

"म्हंजे एकीनं कुंकू लावलं, एकीनं टिकली," जमनाबाई म्हणाल्या, आणि अंकुर खो खो हसला. धावजीलाही हसू आलं. क्षणभर त्याला वाटलं, निभावलं.

मग अंकुरनं डॉजमधला पायाखालचा पत्रा उचलला. "काका, या गिअरबॉक्सवर दोन ठिपके कायचे?" तो फार्गोत जाऊन वाकला. "अन् इथं एकच!"

"कंपनीचे असतीन," धावजी म्हणाला.

ठिपके त्याचेच होते. दोन्ही गाड्या एका आठवड्यात त्याच्याकडे उघडल्या होत्या, एकोणनव्वद साली. सुटे भाग जुळ्यांसारखे, मिसळू नयेत म्हणून त्यानं छिन्नीनं खूण केली होती. डॉजच्या भागांवर एक ठिपका, फार्गोच्या भागांवर दोन. डॉजचा गिअरबॉक्स खलास झालेला आणि किसनरावांच्या घरचं लग्न चार दिवसांवर. फार्गोचा मालक, जमनाबाईंचा नवरा नेमसिंग यवतमाळच्या दवाखान्यात तापानं पडलेला, त्याला गाडीची घाई नव्हती. चार दिवसांपुरता, असं म्हणत धावजीनं फार्गोचा गिअरबॉक्स काढून डॉजला बसवला. पाचव्या दिवशी नेमसिंग गेला. किसनरावांच्या मोठ्या घरी जाऊन गिअरबॉक्स परत मागायला धावजीची जीभ रेटली नाही. डॉजचा झिजलेला गिअरबॉक्स त्यानं तेल घालून फार्गोत बसवला आणि गाडी तांड्यावर पोचवून दिली.

नेमसिंगचा पोरगा सुनील ती चालवायला लागला, तर तिसरा गिअर दर वळणावर निसटायचा. "काका, बा चालवे तवा अशी नव्हती," सुनील विचारायला आला होता. तेव्हा धावजीनं त्याच्याकडे न बघता सांगितलं होतं, "तुह्या बापानं दारू पिऊन रगडली गा गाडी."

नेमसिंग गाडीवर बसताना थेंबालाही शिवत नसे.

जमनाबाई लोण्या-हळदीची वाटी घेऊन उठल्या. त्यांच्या घरचे पूर्वज बैलांवर मीठ-धान्य लादून मुलूख फिरलेले. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे लोण्यानं चोळायचे. बैल गेले, फार्गो आली, तेव्हापासून खांदशेकणी फार्गोची. त्यांनी मडगार्डला बोटं लावली, मग दार उघडून गिअरच्या दांड्याला.

"माफ कर माय," त्या गाडीला म्हणाल्या. "आमच्या माणसानं तुले दारूच्या नादात रगडलं. बापाचं नाव काढलं का पोरगं अजून उठून जाते."

"आजी, दरसाल म्हणता का असं?" अंकुरनं विचारलं.

"दरसाल. त्यानं तं मागतली नाई. कोणीतरी मागाले पायजे ना गा."

धावजीनं मनात हिशेब केला. पस्तीस-छत्तीस पोळे. तेवढ्या वेळा ही बाई त्याच्या पापाची माफी मागत आली होती, तीही एका लोखंडाकडे.

"भोजाई, थांब." तो शेडच्या खांबाला धरून उभा राहिला. "नेमसिंगभाऊनं नाई रगडली. हा गिअरबॉक्स या गाडीचा नाई. मीनं बदलवला. डॉजचा इथं, इथचा डॉजमंधी. दारूचं बी मीनंच सांगतलं. खोटं."

अंकुर डॉजकडे बघत राहिला. इतका वेळ तो ज्या गाडीच्या सुरळीत चालण्याची बढाई मारत होता, तिच्याकडे त्याला बघवेना.

जमनाबाईंनी वाटी खाली ठेवली. शिवी नाही, रडणं नाही. धावजीला शिवी हवी होती.

"आंकुर, माह्या सुनीलले फोन लाव. नागपूरले हाये. आवाज मोठा कर."

फोन लागला. त्या म्हणाल्या, "सुनील, धावजीकाका बोलते. ऐक."

धावजी बोलला. अडखळत, दोनदा चुकून, पण सगळं. लग्न, दवाखाना, चार दिवस, दारू.

"म्हंजे बा चांगली चालवे?" सुनीलनं विचारलं. पंचावन्न वर्षांच्या माणसाचा आवाज पोरासारखा बारीक झाला होता.

"त्याच्यासारखी कोणीच नाई चालवली."

"थांबा." पलीकडे खुर्ची सरकली, सुनीलनं लेकीला आणि बायकोला हाक मारली. "निकिता, इकडं ये. शीला, तू बी ये. काका, आता पहिल्यापासून सांगा. माह्या पोरीले तिचा आजा दारुड्या होता असं मीच सांगतलं हाये."

धावजीनं जमनाबाईंकडे पाहिलं. त्या पदराला हात पुसत त्याच्याकडेच बघत होत्या.

त्यानं घसा साफ केला आणि पहिल्यापासून सांगायला लागला.